चार खुर्च्यांची कंपनी विकणे आहे

माझ्या मामाकडे चहाला गेलं तरी आधी विचारावं लागायचं, बसू कोणत्या खात्यात?

जेवणाचं टेबल एकच, खुर्च्या चार. खिडकीजवळची खुर्ची म्हणजे ग्राहकसेवा. पंख्याखालची म्हणजे मापन विभाग. स्वयंपाकघराच्या दाराशी होती ती तक्रार निवारण. आणि भिंतीला टेकवून ठेवलेली, एक पाय आखूड असल्यामुळे सदैव डुगडुगणारी, ती पाठवणी विभाग. नवखा पाहुणा आला आणि मामा प्रेमानं म्हणाला, "या, ग्राहकसेवेत बसा," की पाहुण्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. मामी मात्र निर्विकारपणे फडकं हातात देऊन सांगायची, "तक्रार निवारणावर चहा सांडलाय. पुसून बसा."

या चार खुर्च्यांची मिळून एक कंपनी होती. ती ऑनलाइन झाकणं विकायची. बरण्या नाहीत, डबे नाहीत, नुसती झाकणं.

मामा झाकणांच्या कारखान्यात तपासनीस होता. पट्ट्यावरून झाकण पुढं आलं की हातात घ्यायचं, अंगठा फिरवायचा, खाली ठेवायचं, यात त्याचा जन्म गेला. कारखाना बंद पडला तेव्हा मालकांनी सांगितलं, आठवण म्हणून ज्याला जे हवं ते घरी न्या. लोकांनी पंखे नेले, घड्याळं नेली, एकानं फाटक नेलं. मामानं झाकणं नेली. पत्र्याची, प्लास्टिकची, आट्यांची, दाबायची, औषधाच्या बाटलीपासून अंघोळीच्या पिंपापर्यंत. टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा मामी गॅलरीत होती. तिनं वरूनच विचारलं, "आणि बरण्या मागच्या टेम्पोत आहेत का?"

मागे टेम्पो नव्हता.

पण मामाचं एक तत्त्वज्ञान होतं. तो म्हणायचा, "भाचेराव, माणूस बरणीला जपतो. झाकण गृहीत धरतो. म्हणून हरवतं ते झाकण." आणि खरं सांगतो, माणूस चुकला नाही. मी त्याला एक साधी वेबसाइट करून दिली, चार फोटो टाकले, आणि जगभरातल्या उघड्या बरण्या मामाकडे बघायला लागल्या. कोणाच्या आजीची बरणी, कोणाची रंगाची बाटली, कोणाचा शाळेतला डबा. लोक व्याकूळ होऊन लिहायचे. झाकण हरवल्यावर माणूस इतका एकटा पडतो, हे मला ठाऊक नव्हतं.

विभाग निघाले ते पहिल्या तक्रारीतून. एका गिऱ्हाईकानं चिडून लिहिलं, "तुमच्याकडे कोणी जबाबदार माणूस आहे की नाही?" मामानं खोलीत इकडं तिकडं बघितलं. त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. तेव्हा त्यानं उत्तर लिहिलं, "आपलं पत्र संबंधित विभागाकडे पाठवलं आहे." मग तो उठला, शेजारच्या खुर्चीत बसला, चष्मा बदलला, ते पत्र वाचून कपाळाला आठ्या घातल्या, आणि संबंधित विभागाच्या वतीनं झणझणीत उत्तर लिहिलं. सबंध नोकरीभर मामा संबंधित विभागाच्या उत्तराची वाट बघत बसला होता. आता तो स्वतःच संबंधित विभाग झाला. त्या दिवशी म्हणे तो दोन वेळा जेवला.

तेव्हापासून प्रत्येक खुर्चीला स्वतंत्र चष्मा आणि स्वतंत्र स्वभाव आला. ग्राहकसेवा मधाळ होती. "आपलं झाकण गेल्याचं वाचून आम्हा सर्वांना अतीव दुःख झालं," अशी तिची सुरुवात असायची. मापन विभाग कोणावर विश्वास ठेवत नसे. "आपण पट्टीनं मोजलं म्हणता. पट्टी कोणाची? आपलं माप आम्हाला मान्य नाही. बरणी कागदावर उलटी ठेवा, कडेनं पेन्सिल फिरवा आणि तो कागद पाठवा. पेन्सिल टोकदार असावी." तक्रार निवारणाची तर दहशतच होती. "झाकण बसत नाही? आधी हात पुसलेत का? नसतील तर पुसा, आणि मग आम्हाला शिकवा."

आणि पाठवणी विभाग. त्याच्या प्रमुखांची कंबर कायम धरलेली असायची. "विभागप्रमुख आज अंथरुणातून उठू शकले नाहीत. पार्सल उद्या निघेल. उद्या उठले तर." गिऱ्हाइकं झाकणाचं विसरून कंबरेची चौकशी करायला लागली. एका बाईंनी तर शेकायची रबरी पिशवी पाठवून दिली, सोबत आठवडाभर वाकू नका अशी तंबी. ती पिशवी मामानं त्या डुगडुगत्या खुर्चीवर आदरानं ठेवली.

"मामा, हे पाठवणी विभागप्रमुख तू कोणावरून काढलेस रे?" मी एकदा विचारलं.

"कल्पनेतून," मामा दुसरीकडं बघत म्हणाला. मी त्या वेळी त्याच्या कोचावर आडवा होतो, कंबरेखाली उशी घेऊन.

हे विभाग आपसांत भांडायचेही. ग्राहकसेवा परस्पर "उद्याच पाठवतो" असं कबूल करायची आणि पाठवणी विभाग हात वर करायचा. मग मामा जेवताना गप्प गप्प.

"काय झालं?" मामी विचारायची.

"मापन विभाग ऐकतच नाही."

"मग सांगा त्याला दोन शब्द."

"मी सांगून काय उपयोग? तो मला विचारतो कुठं!"

असं सगळं छान चाललं होतं, आणि छोटीचा फोन आला.

छोटी म्हणजे माझी मामेबहीण. तिला नुकतीच मुलगी झाली होती, म्हणजे छोटीची छोटी. छोटीची बदली आमच्याच गावात झाली होती आणि बाळ जरा मोठं होईपर्यंत ती आईवडिलांकडे राहणार होती. मामी आनंदानं रडली. मामा आनंदानं रडला. मग दोघांनी छोटीच्या जुन्या खोलीचं दार उघडलं. उघडलं म्हणजे चार बोटं उघडलं. त्यापुढं झाकणं होती. पलंगावर झाकणं, पलंगाखाली झाकणं, कपाटात झाकणं, आणि कपाटावर पिंपांची झाकणं एकावर एक अशी छतापर्यंत.

"बाळाला कुठं निजवायचं?" मामी म्हणाली. "त्या पिंपाच्या झाकणात?"

मामानं क्षणभर त्या झाकणाकडं बघितलं. तो विचार करतोय हे लक्षात आल्यावर मामीनं भंगारवाल्याला बोलावलं.

भंगारवाला तराजू घेऊन आला. पहिलं पोतं त्यानं खांद्यावर घेतलं, आतली झाकणं खळखळ वाजली, आणि मामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पोत्याचं दुसरं टोक धरलं. भंगारवाला जिन्याकडं ओढतोय, मामा खोलीकडं.

"काका, विकायचं नव्हतं तर बोलावलं कशाला?"

"मी नाही बोलावलं! मनुष्यबळ विभागानं बोलावलं!"

"असला कुठलाही विभाग नाही," मामी म्हणाली. "मी बोलावलं."

शेवटी पोतं फाटलं, झाकणं जिन्यावरून टणाटण उड्या मारत तळमजल्यापर्यंत गेली, आणि मामा त्यांच्यामागं. ती वेचून वर आला तेव्हा मामीनं निकाल दिला. "हे बघा, तुमची झाकणं कोणीतरी मायेनं नेणार असेल तर न्यावीत. माझं काही म्हणणं नाही. पण छोटी दारात उभी राहील त्या दिवशी खोली रिकामी हवी. नाही झाली, तर भंगारवाला परत येईल. आणि या खेपेला पोती मी उचलून देईन."

मामानं मान डोलावली. रात्रंदिवस जपलेलं सगळं आता कोणाच्या तरी हाती सोपवायचं होतं, आणि तो कोणीतरी सापडेपर्यंत भंगारवाल्याचा तराजू डोळ्यांसमोरून हलणार नव्हता.

ऑनलाइन धंदा कसा विकायचा, यावर सल्ला देणारे एक गृहस्थ मी शोधून काढले. ते फोनवरच सल्ला द्यायचे. मामानं फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

"घेणारा पहिलं काय विचारेल सांगू?" सल्लागार म्हणाले. "मालक गेल्यावर काय?"

"मी कुठं जाणार?" मामा दचकला. "प्रकृती उत्तम आहे."

"तसं नव्हे हो. धंदा मालकाच्या डोक्यावर चालत असेल तर कोणी घेत नाही. मालकाशिवाय चालला पाहिजे."

"आमच्याकडे मालकाला विचारतो कोण?" मामा कडवटपणे म्हणाला. "चार विभाग आहेत. तेच चालवतात सगळं. मापन विभाग तर मला दारात उभं करत नाही."

सल्लागार अतिशय आदरानं म्हणाले, "साहेब, मग तुम्ही अर्धी लढाई जिंकलेलीच आहे. हेच जाहिरातीत लिहा."

मामानं हेच जाहिरातीत लिहिलं. चार अनुभवी विभाग, कर्मचारी एकनिष्ठ, मालकाची अजिबात गरज नाही. यात आपण काही खोटं बोलतोय असं त्याला वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. विभागांचं अस्तित्व त्याच्या लेखी मामीच्या माहेरच्या मंडळींपेक्षा जास्त पक्कं होतं.

चौकश्या आल्या. एकानं विचारलं, गेल्या वर्षात विस्तार किती झाला? मामानं लिहिलं, "माळ्यावरही गेलो आहोत." तो परत आला नाही. दुसऱ्यानं विचारलं, कर्मचाऱ्यांना पगार दिल्याचं कुठं दिसत नाही, असं कसं? मामानं लिहिलं, "ते मागत नाहीत." या गृहस्थानं तातडीनं काम करणाऱ्यांच्या हक्कांवर एक लांबलचक पत्र पाठवलं. तक्रार निवारणानं त्यालाही हात पुसायला सांगितले.

आणि मग एका कंपनीचं पत्र आलं. ही कंपनी एकेकटे हातमोजे विकायची. म्हणजे ज्याचा डावा हरवला त्याला डावा, उजवा हरवला त्याला उजवा. पत्र त्यांच्या खरेदी विभागाकडून होतं. पाठोपाठ त्यांच्या हिशेब विभागाचं आलं, मग कायदा विभागाचं, मग अध्यक्षांच्या कार्यालयाचं. "बाप रे, केवढा पसारा असेल," मामा म्हणाला. "आपल्या विभागांना जरा नीट वागायला सांगितलं पाहिजे."

विभाग नीट वागले नाहीत. मामाच्या तक्रार निवारणाची आणि त्यांच्या कायदा विभागाची पहिल्याच पत्रात जुंपली. "आपली भाषा आम्हाला पसंत नाही," कायदा विभागानं लिहिलं. "आम्हाला आपलं अक्षरही पसंत पडलं नसतं, पण आपण टाइप करता म्हणून वाचलात," तक्रार निवारणानं उलट टोला दिला. उलट पाठवणी विभाग आणि त्यांचा हिशेब विभाग यांचं मेतकूट जमलं. हिशेब विभागाच्या मानेत लचक होती. पत्रांमधून ते एकमेकांना व्यायाम सांगायचे. एवढं करून व्यवहार इंचभर पुढं सरकत नव्हता, कारण प्रत्येक गोष्टीला दोन्हीकडच्या चारही विभागांची मान्यता लागायची. इकडं छोटीनं सामान बांधायला घेतलं होतं.

शेवटी अध्यक्षांच्या कार्यालयानं कळवलं. तारीख नेमकी छोटी यायच्या आदल्या दिवसाची. आमची चार जणांची तुकडी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहणीला येत आहे. आपल्या चारही विभागप्रमुखांना हजर ठेवावं.

मामाची पाचावर धारण बसली. "आता कुठून आणू यांना?"

"कुठून म्हणजे?" मी म्हणालो. "उठून उठून बस की."

"लोकांसमोर?" मामा लाजला.

मग भरती सुरू झाली. पाठवणी विभागासाठी मुलाखतही न घेता माझी नेमणूक झाली. तक्रार निवारण मामीकडं गेलं. "मला जमायचं नाही बाई," मामी म्हणाली, "मला कोणाला टाकून बोलता येत नाही." हे ऐकून मी आणि मामा दोघंही बराच वेळ छताकडं बघत राहिलो. मापन विभागाला तळमजल्यावरचे टेलरकाका आले, गळ्यात फीत घालूनच.

"मी काय बोलायचं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. फक्त समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही."

"ते येतं मला. रोज गिऱ्हाईक सांगतं, पोट पहिल्याइतकंच आहे."

ग्राहकसेवा रजेवर आहे असं सांगायचं ठरलं. ती खुर्ची मामानं स्वतःसाठी ठेवली, आणि पाहुण्यांसाठी टेलरकाकांच्या दुकानातून चार स्टुलं वर आणली.

ठरलेल्या वेळी बेल वाजली. दारात एक बाई. उंच, ठसठशीत, खांद्याला ही भली मोठी पिशवी, आणि हातात दोन वेगळ्या रंगांचे हातमोजे.

"बाकीचे?" मामानं त्यांच्यामागं डोकावून बघितलं.

"गाडी लावताहेत," हातमोजेबाई म्हणाल्या.

खिडकीतून मला रस्ता दिसत होता. रस्त्यावर एक मांजर होतं. तेही गाडी लावत नव्हतं.

बाई पहिल्या स्टुलावर बसल्या, तिघा विभागप्रमुखांकडं आळीपाळीनं बघितलं, आणि त्यांची नजर माझ्यापाशी येऊन थांबली. "कंबर कशी आहे?" त्यांनी इतक्या कळकळीनं विचारलं की मी रबरी पिशवी सारखी केली आणि म्हणालो, "आता जरा आराम आहे. तुमच्या हिशेब विभागाची मान?"

"रात्री उशी घेऊ नका म्हणून तुम्हीच सांगितलंत ना? खूप फरक पडला," बाई म्हणाल्या आणि नकळत मान फिरवून बघितली.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. "आट्यांची आणि दाबायची झाकणं वेगळी ओळखायची कशी?" त्यांनी टेलरकाकांना विचारलं.

टेलरकाकांनी बाईंना नखशिखांत न्याहाळलं. "माझा विश्वास नाही," ते म्हणाले. पुढं काय बोलावं हे न सुचून त्यांनी गळ्यातली फीत काढली. "बाह्यांची लांबी किती ठेवायची?"

इथं मामाला राहवलं नाही. झाकणाच्या बाबतीत कोणी असं बोलतंय हे तो ऐकून घेईना. "उठा हो," तो टेलरकाकांना म्हणाला, त्यांच्या खुर्चीत बसला, खिशातून मापन विभागाचा चष्मा काढून नाकावर चढवला, आणि त्या तुसड्या, कोरड्या आवाजात आट्या म्हणजे काय हे सांगायला लागला. सांगता सांगता बाईंनी विचारलं, "आणि बसलंच नाही झाकण तर?" मामानं सवयीनं मामीलाही उठवलं, चष्मा बदलला, आणि तक्रार निवारणाच्या खुर्चीतून गरजला, "आधी हात पुसलेत का? दहा वेळा सांगितलं तरी कानात शिरेल तर शपथ!"

मामी ताडकन म्हणाली, "अहो! हे तर मी तुम्हाला म्हणते!"

मामा तसाच, नाकावर मामीचा जुना चष्मा, बोट हवेत. सगळं संपलं असं मला वाटलं. भंगारवाल्याचा तराजू मला जिन्यात ऐकू यायला लागला.

हातमोजेबाई मामाकडं एकटक बघत होत्या. मग त्या सावकाश उठल्या. दुसऱ्या स्टुलावर बसल्या. पिशवीतून जाड भिंगांचा एक चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "कायदा विभागाचं म्हणणं असं, की ही भाषा आजही आम्हाला पसंत नाही."

मामाचं तोंड उघडं राहिलं. त्याला शोभेल असं झाकण त्या घरात नक्की कुठंतरी होतं.

"बाकीचे गाडी लावत नाहीयेत ना?" त्यानं हळूच विचारलं.

"नाहीत," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे गाडी नाही. मी बसनं आले."

पहिल्यांदा मामी हसली. मग टेलरकाका हसले, पण का ते त्यांना कळलं नव्हतं. हसता हसता माझी पाठवणी विभागाची खुर्ची कलंडली.

बाई घरी एकट्याच होत्या. खोल्या भरपूर, माणसं नाहीत. हातमोज्यांचं काम सुरू केलं तेव्हा सकाळी चहा घेताना बोलायला कोणी असावं म्हणून खरेदी विभाग काढला, आणि मग एकेक माणूस वाढत गेला. "अध्यक्ष मात्र मी कोणालाच केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "कार्यालय आहे, अध्यक्ष येत नाहीत."

"मालक असून काय करतो?" मामा मनापासून म्हणाला.

आता दोन शहाण्या माणसांनी समोरासमोर बसून व्यवहार उरकला असता. पण ते दोघांनाही जमेना. सरळ बोलायला गेले की लाजायचे. तेव्हा सगळी बोलणी विभागांमार्फतच झाली, आणि मामी, मी, टेलरकाका भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, कारण ते दोघं आठही जागांवर फिरत होते. हिशेब विभागानं आकडा सांगितला, ग्राहकसेवेनं तो गोड शब्दांत वाढवून मागितला. मध्ये एकदा दोघं चुकून एकाच खुर्चीकडं धावले. शेवटी ठरलेली किंमत मी इथं सांगत नाही, कारण मामानं मामीला एक सांगितली आहे आणि मला दुसरी.

"मात्र," बाई म्हणाल्या, "झाकणं विभागांसकट हवीत."

झाकणांवर मामानं मनातल्या मनात पाणी सोडलं होतं. विभागांचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो त्या चार खुर्च्यांकडं बघत राहिला.

"नीट वागवाल ना त्यांना?" त्यानं विचारलं. "मापन विभाग जरा तुसडा आहे, पण मनानं वाईट नाही."

"त्याला पूर्वेची खिडकी देईन."

"आणि पाठवणी विभागाला घाई करायची नाही."

"माझ्याकडे मान आहेच," बाई म्हणाल्या. "कंबरेला सोबत होईल."

यावर मामी पुढं झाली. "आणि तक्रार निवारण? ती सगळी माझी बोलणी आहेत. माझ्या तोंडातून पडली आणि यांनी परस्पर टिपली. ती अशी फुकटात जाऊ द्यायची?"

कायदा विभागानं चष्मा सावरला. बरीच घासाघीस झाली. महिन्यातून एकदा मामीनं बाईंना फोन करून नवी बोलणी पुरवायची, आणि त्या बदल्यात बाईंनी थंडीत मामीला हातमोजे पाठवायचे, दोन्ही, एकाच रंगाचे, असं ठरलं. जाता जाता कायदा विभागानं एक अट घातली. विकल्यानंतर मामानं घरात एकही सुटं झाकण ठेवायचं नाही आणि परस्पर कोणाला द्यायचं नाही. मामी म्हणाली, "ही अट मला जरा मोठ्या अक्षरांत लिहून द्या. फ्रेम करीन म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मामानं प्रत्येक पोतं स्वतः बांधलं, पण उचलायचं काम पाठवणी विभागाचं, असं म्हणून ते माझ्यावर आलं. पंचाईत अशी की त्या खात्याचं हस्तांतरण दुपारपासून लागू होणार होतं. शेवटचं पिंपाचं झाकण मी जिन्यावरून उतरवलं, तेव्हा कंबरेत कट्कन आवाज झाला. टेम्पो वळला, आणि त्याच वळणावरून छोटीची टॅक्सी आली. छोटी बाळाला घेऊन वर आली, आपल्या खोलीचं दार ढकललं, ते पूर्ण उघडलं, आणि भिंतीवर जाऊन आपटलं. इतक्या वर्षांत त्या दाराला भिंत लागली नव्हती.

"बाबा, झाकणं?" छोटीनं विचारलं.

"चांगल्या घरी पडली," मामा म्हणाला.

पुढं काही दिवस मामा त्या टेबलाशी कोणत्याही खुर्चीत नुसता बसायचा आणि त्याला कुठंच काही वाटायचं नाही. मग छोटीच्या छोटीनं त्याची सुटका केली. तिनं दुधाच्या बाटलीचं झाकण गॅलरीतून खाली भिरकावलं, आणि ते थेट गटारात गेलं.

मामाचा हात आपोआप खिशात गेला. खिसा रिकामा. तो कपाटाकडं वळला. कपाटात दुपटी. भिंतीवर फ्रेम केलेली अट.

"आता?" मामी म्हणाली. "साऱ्या जगाला झाकणं पुरवलीत, नातीच्या बाटलीला नाही."

मामा बसला, आणि जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून त्यानं पत्र लिहिलं. माप दिलं, कारखान्यात घेतलं असतं तितकं काटेकोर. थोड्याच वेळात उत्तरं यायला लागली. आपलं झाकण गेल्याचं वाचून ग्राहकसेवेला अतीव दुःख झालं होतं. मापन विभागानं लिहिलं होतं, "आपलं माप आम्हाला मान्य नाही. बाटली कागदावर उलटी ठेवा. पेन्सिल टोकदार असावी."

मामाचे डोळे भरून आले. "बघ," तो मला म्हणाला, "माझ्यावरही विश्वास ठेवला नाही. शाब्बास!"

तिसरं उत्तर तक्रार निवारणाचं होतं. तक्रार कोणी केलीच नव्हती. "घरात लहान बाळ आहे आणि बाटली गॅलरीत ठेवता? वयानुसार थोडी तरी अक्कल येते असं ऐकून होतो."

मामीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय," ती समाधानानं म्हणाली. "हे मी मागच्याच फोनवर दिलं होतं."

"मालकाशिवाय चालतो!" मामा टेबलावर हात आपटून म्हणाला. "बघा तुम्ही, धंदा मालकाशिवाय चालतो!" आणि तो उठून बाळाला घेऊन सगळ्या खुर्च्यांभोवती नाचला.

चौथं पत्र संध्याकाळी आलं. पाठवणी विभागप्रमुखांची कंबर पुन्हा धरली होती. नव्या जागेची हवा मानवली नव्हती. पार्सल उद्या निघणार होतं, उद्या उठले तर.

मामाचा चेहरा उतरला. "भाचेराव," तो माझ्याकडं वळून म्हणाला, "ती शेकायची पिशवी आपल्याकडेच राहिली. ती त्यांचीच आहे, पाठवून दे पाहू आजच्या आज."

मी कोचावर आडवा होतो. पिशवी माझ्या कंबरेखाली होती, आणि आता ती नुकती कुठं गरम झाली होती.

"विभागाला कळव," मी म्हणालो. "उद्या पाठवतो. उद्या उठलो तर."